आरंभशूरांच्या हातातले साधन : एबलटन लाइव्ह १२, पावणेदोन वर्षांच्या वापरानंतर

वापरायला घेऊन वर्ष पूर्ण झाले तेव्हा मी एक हिशेब मांडला होता. त्या वर्षभरात एबलटन लाइव्ह या संगणकावर संगीत रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मी ११८ रचना सुरू केल्या होत्या आणि त्यांपैकी शेवटपर्यंत जाऊन कोणाला तरी ऐकवण्याजोग्या झालेल्या रचना होत्या चार. मराठीत अशा माणसाला आरंभशूर म्हणतात. तो शब्द स्वतःला लावून घेताना मला फारसे वाईट वाटले नाही, कारण या सॉफ्टवेअरचा मोठेपणा आणि त्याचा धोका हे दोन्ही त्या एका शब्दात सामावलेले आहेत, हे तोवर माझ्या ध्यानात आले होते. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत मी फक्त २२ रचना सुरू केल्या आणि त्यांतल्या नऊ पूर्ण केल्या. सॉफ्टवेअर तेच, संगणक तोच, रात्रीच्या जेवणानंतर मिळणारा दीड तासही तोच. बदलल्या त्या कामाच्या सवयी. म्हणून या परीक्षणात कोणती सोय कोणत्या सवयीबरोबर उपयोगी पडते आणि कोणती सोय आपल्याला नुसती भुलवते, हे सांगण्यावर माझा भर राहील.

मी व्यवसायाने संगीतकार नाही. ठाण्यात राहतो, दिवसा हिशेबतपासणीचे काम करतो, शाळेत असताना पाच-सहा वर्षे पेटी शिकलो होतो आणि पुढे हाउस व टेक्नो या नृत्यसंगीताची गोडी लागली. घरात वेगळा स्टुडिओ नाही. बेडरूमच्या कोपऱ्यातले टेबल, दोन सप्तकांचा छोटा मिडी कीबोर्ड (स्वतः न वाजता कोणता स्वर दाबला एवढेच संगणकाला कळवणारा), ध्वनी संगणकात नेणारा-आणणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन एवढाच सरंजाम आहे. ज्यांची परिस्थिती साधारण अशीच आहे, त्यांना पुढचे अनुभव जवळचे वाटतील.

एबलटन ही बर्लिनची कंपनी १९९९ मध्ये स्थापन झाली आणि लाइव्हची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आली. संस्थापकांपैकी गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेन्के हे दोघे मोनोलेक या नावाने स्वतः इलेक्ट्रॉनिक संगीत करत होते, आणि रंगमंचावर संगणक वाद्यासारखा वाजवता यावा ही त्यांची गरज या सॉफ्टवेअरच्या रचनेत आजही दिसते. इतर बहुतेक ध्वनिमुद्रण सॉफ्टवेअरमध्ये डावीकडून उजवीकडे सरकणारी काळरेषा एवढी एकच मांडणी असते. लाइव्हमध्ये तिच्या जोडीला सेशन व्ह्यू नावाची दुसरी मांडणी आहे. तीत प्रत्येक वाद्याचा एक उभा रकाना असतो, रकान्यातल्या प्रत्येक घरात एक छोटा तुकडा म्हणजे क्लिप ठेवता येते, आणि कोणतीही क्लिप कोणत्याही क्षणी दाबली तरी ती पुढच्या बारच्या, म्हणजे चार मात्रांच्या आवर्तनाच्या, समेवर अचूक सुरू होते. हा अनुभव पहिल्यांदा घेताना खरोखर थरार वाटतो. ढोलकीचा एक तुकडा, खाली बेसची चार स्वरांची ओळ, वर सिंथेसायझरचा एखादा लांब सूर असे तीन तुकडे फिरू लागले की दहा मिनिटांत खोली भरून जाते आणि आपण काही तरी मोठे केले आहे असे वाटू लागते.

धोका नेमका इथेच आहे. आठ बारचा तुकडा गोल फिरत राहतो, आपण त्यावर एकेक थर चढवत राहतो, दोन तासांनी तो तुकडा इतका भरगच्च होतो की त्याला पुढे न्यायला जागाच उरत नाही, आणि कान त्याला इतके सरावतात की त्यातला कोणताही बदल चुकीचा वाटू लागतो. गाण्याच्या भाषेत सांगायचे तर अस्थाई घोळवत बसायचे आणि अंतऱ्याला हातच घालायचा नाही, असा हा प्रकार आहे. माझ्या ११८ रचनांपैकी बहुतेक सगळ्या याच जागी अडकून पडल्या होत्या.

यावर मला लागू पडलेला उपाय सॉफ्टवेअरमध्येच आहे, फक्त तो वेळेवर वापरण्याची शिस्त आपण स्वतःला लावावी लागते. एखाद्या कल्पनेला मी सेशन व्ह्यूमध्ये जास्तीत जास्त दोन बैठका देतो. तिसऱ्या बैठकीत, तुकडा कितीही कच्चा असला तरी, वरच्या पट्टीतले रेकॉर्डिंगचे बटण दाबून क्लिपा आणि सीन (क्लिपांच्या आडव्या रांगा) हाताने वाजवत सहा-सात मिनिटे काढतो. केव्हा काय आले, काय थांबले, हे सगळे अरेंजमेंट व्ह्यूच्या काळरेषेवर उमटत जाते. पहिल्या प्रयत्नात जे उमटते ते ओबडधोबड असते, पण त्याला सुरुवात, मध्य आणि शेवट असतो, आणि कात्री चालवायला हातात कापड असते. १२४ बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२४ ठोक्यांच्या, वेगाला १६ बारचा एक टप्पा सुमारे ३१ सेकंदांचा होतो, म्हणजे पाच मिनिटांच्या रचनेत असे जेमतेम दहा टप्पे बसतात. हे गणित एकदा मनात पक्के झाले की पाच मिनिटांचा विस्तार भीतिदायक वाटत नाही. मी त्या दहा जागांवर खुणा लावून त्यांना नावे देतो, आणि प्रत्येक खुणेपाशी काहीतरी एक येते आणि काहीतरी एक जाते एवढाच नियम पाळतो. थर चढवण्यापेक्षा काढण्याने रचना घडते, हे मला हिशेबतपासणीच्या कामात फार पूर्वी कळायला हवे होते, पण ते कळले इथे.

आवृत्ती १२ मध्ये मिक्सर अरेंजमेंट व्ह्यूमध्येही दिसू लागला आहे आणि क्लिपचा व उपकरणांचा तपशील एकाखाली एक उघडा ठेवता येतो. ही सुधारणा ऐकायला किरकोळ वाटेल, परंतु पूर्वी याच कारणासाठी मी वारंवार टॅब दाबून सेशन व्ह्यूमध्ये परत जात असे आणि तिथे गेलो की पुन्हा तुकड्याशी खेळत बसत असे. आता परत जाण्याचे निमित्तच उरलेले नाही. याच आवृत्तीत जवळजवळ संपूर्ण सॉफ्टवेअर माउसशिवाय, केवळ कीबोर्डवर आणि स्क्रीन रीडरच्या साहाय्याने चालवण्याची सोय आली. दृष्टिबाधित कलावंतांसाठी तिचे मोल किती असेल ते मी अनुभवाने सांगू शकत नाही, पण कीबोर्डवरचा हात माउसकडे न्यावा लागत नाही म्हणून माझेही काम लक्षणीय वेगाने होऊ लागले.

दुसरी सवय वेळेच्या वाटणीची. आवाज घडवणे, रचना करणे आणि मिश्रण करणे ही तीन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच बैठकीत करू गेले की तिन्ही बिघडतात. किकचा, म्हणजे खर्जातल्या ठोक्याचा, आवाज मनासारखा होईना म्हणून सॅम्पल (ध्वनीचे तयार तुकडे) शोधायला गेलो आणि पाऊण तास शोधतच राहिलो, हा अनुभव प्रत्येकाला असेल. म्हणून रविवारची सकाळ मी फक्त आवाजांसाठी राखून ठेवली आहे. त्या वेळी काहीही रचायचे नाही. ऐकायचे, निवडायचे, थोडे घडवायचे आणि ब्राउझरमधल्या रंगीत संग्रहांत टाकून ठेवायचे. लाल संग्रहात किक, पिवळ्यात टाळ, झांज आणि हाय-हॅट, निळ्यात बेस. माझा नियम असा आहे की कोणत्याही रंगात ४० पेक्षा जास्त आवाज ठेवायचे नाहीत. नवीन आला तर जुना जाईल. आवृत्ती १२ च्या ब्राउझरमध्ये एखाद्या आवाजाशी मिळतेजुळते आवाज शोधून काढणारी सोय आहे आणि ती आश्चर्य वाटावे इतकी अचूक चालते, मात्र तीही रविवारीच वापरावी. आठवड्यातल्या रात्री ती उघडली तर मूळ कल्पना हमखास हातून निसटते.

पेटी शिकलेल्या माणसाला सर्वांत जवळची वाटणारी सोय म्हणजे कॅप्चर मिडी. ती २०१८ च्या आवृत्ती १० पासून आहे. ट्रॅक सज्ज ठेवून आपण नुसते वाजवत बसलो, रेकॉर्डिंग सुरू केलेले नसले, तरी वाजवलेले सगळे सॉफ्टवेअर पडद्यामागे लक्षात ठेवते आणि एक बटण दाबताच ते क्लिपच्या रूपात समोर ठेवते. आधी काही वाजत नसेल तर वेगही तेच ओळखते. लाल दिवा लागला की ज्यांची बोटे आखडतात त्यांनी ही सोय रोजच्या सरावाचाच भाग करावी. मी बैठकीची पहिली १५ मिनिटे पडद्याकडे न पाहता वाजवतो आणि त्यातून एखादीच ओळ उचलतो.

याच ठिकाणी स्वरांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण मराठी वाचकांपैकी अनेकांना हा प्रश्न पडणार आहे. आवृत्ती १२ मध्ये क्लिपला एक स्वरसप्तक ठरवून देता येते, आणि त्या यादीत मेजर-मायनरच्या जोडीला चक्क भैरवही आहे. ते पाहून मला आनंद झाला, पण तो अर्धवटच टिकला. यादीतला भैरव म्हणजे कोमल रिषभ आणि कोमल धैवत असलेले सात स्वर एवढेच. राग म्हणून भैरव ज्यामुळे उभा राहतो ते रिषभ-धैवतांवरचे आंदोलन त्यात असण्याचा प्रश्नच येत नाही. स्वर निवडून द्यायला सॉफ्टवेअर आहे, लगाव आपल्यालाच आणावा लागतो. त्यासाठी क्लिपच्या एक्स्प्रेशन विभागात प्रत्येक स्वराखाली त्याच्या उंचीची रेघ हाताने काढता येते. आवृत्ती ११ पासून ही सोय प्रत्येक स्वराला स्वतंत्रपणे मिळते. मींड काढण्यासाठी ही रेघ सरळ उतार न देता वक्र काढावी आणि शेवटच्या स्वराच्या किंचित पुढे नेऊन मागे आणावी, म्हणजे ती गळ्यातून आल्यासारखी वाटते. हे काम वेळखाऊ आहे. माझी १२ सेकंदांची एक ओळ व्हायला एक पूर्ण संध्याकाळ गेली होती.

यात इतिहासाचा एक धागा आहे. १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडच्या टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या यंत्रांवर दहा राग नृत्याच्या ठेक्यात ध्वनिमुद्रित केले. शिकागोमध्ये त्याच टीबी-३०३ मधून ॲसिड हाउस हा प्रकार आकाराला आला तो त्यानंतर काही वर्षांनी. त्या लहानशा यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची जी सोय होती, ती रागसंगीताच्या कानाला लगेच ओळखीची वाटते. लाइव्हमध्ये तोच परिणाम हवा असेल तर ड्रिफ्ट हे सिंथेसायझर घ्यावे, त्याला एकस्वरी करावे आणि ग्लाइडचा काळ ६० ते ९० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवावा. स्वर एकमेकांवर थोडे चढलेले असले तरच घसरण ऐकू यावी अशी मांडणी केली, की कुठे मींड घ्यायची आणि कुठे स्वर तुटक ठेवायचा हे केवळ स्वराची लांबी बदलून ठरवता येते.

आवृत्ती १२ मधली दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे बारा समान भागांच्या सप्तकाबाहेर जाण्याची मुभा. स्काला या प्रचलित स्वरूपातल्या स्वररचनेच्या फाइली त्यात उघडता येतात. तानपुऱ्याच्या तारेतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तो समान भागांच्या सप्तकातल्या गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) खाली असतो, आणि म्हणून तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणावर सिंथेसायझरचा लांब गांधार ठेवला की दोन्हींत एक बारीक घर्षण जाणवते. पेटीच्या बाबतीत जो आक्षेप जाणकार घेत आले तोच हा. षड्ज-पंचमाबरोबर शुद्ध गांधाराचे गुणोत्तर ५ : ४ असलेली रचना उघडल्यावर तीच ओळ तानपुऱ्यात विरघळून जाते. मात्र बाहेरच्या अनेक प्लगइनना, म्हणजे इतरांनी बनवलेल्या जोड-वाद्यांना, ही रचना कळत नाही. लाइव्हची स्वतःची वाद्ये आणि एमपीई (प्रत्येक स्वराची उंची स्वतंत्रपणे बदलू देणारी पद्धत) समजणारे प्लगइन यांच्यापुरतीच ती भरवशाची आहे. या एका सोयीसाठी मी या सॉफ्टवेअरच्या अनेक लहानसहान गैरसोयी सहन करायला तयार आहे.

तालाच्या बाबतीत तर फारशी तडजोड करावी लागत नाही. प्रत्येक क्लिपच्या लूपची लांबी स्वतंत्र असू शकते, त्यामुळे चार मात्रांच्या किकवर रूपकातल्या सात मात्रांचा तबला सोडता येतो आणि २८ मात्रांनी दोघे समेवर भेटतात. झपतालाचे दहा घेतले तर भेट २० मात्रांनी होते. ही भेट श्रोत्याला जाणवावी म्हणून त्याच क्षणी एखादी झांज किंवा टाळीचा आवाज ठेवावा. नाही तर ऐकणाऱ्याला फक्त गोंधळ ऐकू येतो आणि हुशारी आपल्यापाशीच राहते.

ध्वनिमुद्रणाला हव्या त्या वेगात बसवणारी वॉर्पची सोय हे लाइव्हचे पहिल्यापासूनचे बलस्थान आहे, पण तिच्यातला कोणता प्रकार कुठे वापरायचा हे न कळल्यास ती आवाजाची माती करते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर मोबाइलवर टिपलेले ढोल-ताशाचे चार मिनिटांचे ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. पथकाचा वेग सुरुवातीपासून शेवटपर्यंत चढत जातो, आणि तो तसाच चढायला हवा. मी सुरुवातीला प्रत्येक ठोक्याला खुंटी मारून तो १२४ च्या चौकटीत बसवला आणि त्यातला जीवच काढून घेतला. गळ्यासाठी आणि पूर्ण गाण्यांसाठी वापरला जाणारा कॉम्प्लेक्स प्रो हा प्रकार ताशाला लावला तर काडीचा टणत्कार विरघळून जातो. बीट्स हा प्रकार टणत्कार राखतो पण वेग फार कमी केला तर ठोक्यांमध्ये तुटकपणा येतो. वेगातला फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर मी आता री-पिच वापरतो. त्यात जुन्या टेपप्रमाणे वेगाबरोबर सूरही बदलतो, पण पाच टक्क्यांना तो सुमारे ८४ सेंटने, म्हणजे एका अर्धस्वरापेक्षा कमीच चढतो आणि ढोलाच्या बाबतीत ते कोणाच्या लक्षातही येत नाही. त्याहून चांगला मार्ग उलटा आहे. काळरेषेवरच्या त्या क्लिपलाच वेगाचा पुढारी करावे, म्हणजे बाकीची रचना पथकाच्या मागोमाग चालते. तेही नको असेल तर ढोलकीच्या ध्वनिमुद्रणातून ग्रूव्ह, म्हणजे ठोके किंचित मागेपुढे पडण्याची ढब, काढून घ्यावा आणि तो हाय-हॅटला ५०-६० टक्के लावावा; यंत्राने वाजवलेल्या हाय-हॅटमध्ये माणसाच्या हाताचा कललेला तोल येतो.

मिडीचे रूपांतर करणारी आणि नवे स्वर आपोआप निर्माण करणारी जी साधने आवृत्ती १२ मध्ये आली, त्यांचा गाजावाजा पुष्कळ झाला. माझे मत थोडे वेगळे आहे. एकामागून एक स्वर छेडणारे स्ट्रम आणि कणस्वर जोडणारे ऑर्नामेंट ही दोन मी नेहमी वापरतो. सीडसारखी साधने मात्र आरंभशूराच्या हाती आणखी एक खेळणे देतात. बटण दाबावे आणि नवी ओळ मिळावी, पुन्हा दाबावे आणि आणखी एक मिळावी. या ओळींतली कोणतीच आपली नसते, म्हणून तिच्यासाठी झगडावेसेही वाटत नाही.

मिश्रणाकडे वळू. लाइव्हच्या आतला हिशेब ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये चालतो, त्यामुळे एखाद्या ट्रॅकचा काटा लाल झाला तरी आतल्या आत आवाज फाटत नाही, आणि त्यामुळेच नवखे लोक निष्काळजी होतात. शेवटी ध्वनी कानापर्यंत जातो तो ऑडिओ इंटरफेसमधून किंवा १६ अथवा २४ बिटांच्या फाइलमधून, आणि तिथे तो फाटतोच. मी किकचा शिखरबिंदू उणे १० डेसिबलवर ठेवून सुरुवात करतो आणि बाकी सगळे तिच्या तुलनेत चढवतो. असे केले की मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्रित आवाजावर, उणे ६ च्या आसपास मोकळी जागा आपोआप उरते. किक आणि बेस यांची टक्कर हा या संगीतातला कायमचा तंटा आहे. त्यासाठी बेसच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर (आवाज आपोआप दाबणारे उपकरण) लावून त्याची साइडचेन किकला जोडावी, म्हणजे किक वाजताच बेस क्षणभर मागे सरतो. हे मागे सरणे किती वेळ टिकावे हे वेगावर अवलंबून असते. १२४ च्या वेगाला दोन ठोक्यांमध्ये सुमारे ४८४ मिलिसेकंद असतात; रिलीज, म्हणजे दाबलेला आवाज परत वर यायला लागणारा वेळ, १५० ते २०० मिलिसेकंदांच्या दरम्यान ठेवला तर बेस पुढच्या ठोक्याच्या बराच आधी परत आपल्या जागी येतो आणि संगीत श्वास घेतल्यासारखे डुलते. ४०० च्या पुढे गेले की बेस कधी परत येतच नाही. याखेरीज युटिलिटी या साध्या उपकरणातले बेस मोनो हे बटण दाबून सुमारे १२० हर्ट्झच्या खालचा आवाज मध्यभागी आणावा, आणि ज्या वाद्यांना खर्जाची गरज नाही, म्हणजे टाळ, गळा, लांब सुरांचे सिंथेसायझर, त्यांचा १०० ते १५० हर्ट्झखालचा भाग ईक्यू एट या गाळणीने काढून टाकावा. घरच्या ध्वनिमुद्रणात पंख्याची घरघर बहुतांशी तिथेच लपलेली असते.

कान थकतात, आणि थकलेला कान नेहमी जास्त तिखट आवाज मागतो. म्हणून मिश्रण हळू आवाजातच करावे, शेजारच्यांसाठी तर करावेच, आणि दर ४० मिनिटांनी उठून पाणी प्यावे. आवडत्या, पूर्ण झालेल्या एखाद्या रचनेची फाइल वेगळ्या ट्रॅकवर ठेवून तिच्याशी तुलना करणे हा सर्वांत स्वस्त शिक्षक आहे. फक्त ती आधीच मास्टरिंग झालेली, म्हणून मोठ्याने वाजणारी असते. तिचा आवाज सात-आठ डेसिबलने उतरवून मगच तुलना करावी, नाही तर आपले काम प्रत्येक वेळी फिकेच वाटणार. शुक्रवारी रात्री जे काही झाले असेल ते मी फाइलच्या रूपात काढून मोबाइलमध्ये घेतो आणि सोमवारी सकाळी लोकलमध्ये साध्या इअरफोनवर ऐकतो. गाडीच्या खडखडाटात बेस बुडतो आणि मधल्या पट्टीतले दोष उघडे पडतात. मुलुंड येईपर्यंत कंटाळा आला तर रचनेचा प्रारंभ लांबला आहे असे समजून तो कापतो. ऐकताना संगणक हाताशी नसतो हाच या पद्धतीचा फायदा आहे. दुरुस्तीची यादी कागदावर होते आणि रात्री त्या यादीतली तीन कामे संपली की उठायचे.

सुरक्षिततेविषयी एक कबुली द्यायला हवी. पहिल्याच वर्षी मी पेनड्राइव्हवरून सॅम्पल थेट ओढून रचनांत वापरले आणि पेनड्राइव्ह कोणाला तरी देऊन टाकला. पुढच्या वेळी सहा रचना उघडल्या तेव्हा अर्धे ट्रॅक मुके होते आणि खाली फाइली सापडत नसल्याची सूचना होती. चूक सर्वस्वी माझी. कलेक्ट ऑल अँड सेव्ह ही आज्ञा रचनेत वापरलेला प्रत्येक ध्वनी तिच्याच फोल्डरमध्ये आणून ठेवते, आणि ती मी आता पहिल्या दिवशीच देतो. प्रत्येक बैठकीला नवा क्रमांक देऊन वेगळी प्रत ठेवतो. फाइलच्या नावात 'अंतिम' हा शब्द लिहायला मी स्वतःला बंदी घातली आहे. सॉफ्टवेअर मध्येच बंद पडले तर पुन्हा उघडताना ते काम परत मिळवण्याचा प्रस्ताव ठेवते, परंतु पावसाळ्यात वीज जाणाऱ्या भागात राहणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये. हात आपोआप कंट्रोल-एसकडे गेला पाहिजे. संगणक साधा असेल तर वाजवताना बफर (ध्वनीवर एका वेळी प्रक्रिया होणारा तुकडा) १२८ नमुन्यांवर ठेवावा, ४४.१ किलोहर्ट्झला हा विलंब सुमारे ३ मिलिसेकंदांचा होतो, आणि मिश्रण करताना तो १०२४ वर न्यावा, म्हणजे प्रोसेसरला दम मिळतो. जड ट्रॅक फ्रीझ करावेत, म्हणजे तात्पुरते ध्वनीच्या रूपात गोठवावेत. १२.२ मध्ये ट्रॅकचे तिथल्या तिथे ध्वनीत रूपांतर करण्याची सोय आली आहे आणि मला ती प्रोसेसरपेक्षा मनासाठी जास्त उपयोगी वाटते. एकदा सिंथेसायझरची ध्वनिफाइल झाली की तिच्या ३० बटणांशी चाळा करण्याचा मोह संपतो.

आता पैशांचे. इंट्रो, स्टँडर्ड आणि स्वीट अशा तीन श्रेणी आहेत. इंट्रोमध्ये १६ ट्रॅकची मर्यादा आहे आणि नवशिक्याने ती मर्यादा वरदान समजावी; माझ्या पूर्ण झालेल्या १३ रचनांपैकी नऊ १६ ट्रॅकांच्या आत बसल्या असत्या. अनेक मिडी कीबोर्ड आणि इंटरफेसबरोबर आठ ट्रॅकांची लाइट ही श्रेणी विनामूल्य मिळते, तेव्हा घरातल्या जुन्या खोक्यात तिचा क्रमांक पडला आहे का हे आधी पाहावे. मेल्ड हे नवे सिंथेसायझर, रोअर हा आवाज तापवणारा इफेक्ट आणि स्वतःची उपकरणे घडवू देणारे मॅक्स फॉर लाइव्ह ही सगळी स्वीटमध्ये मिळतात. रोअर खरोखर उत्तम आहे, आणि ते स्टँडर्डमध्ये नसल्याची रुखरुख मला आहे. ७४९ डॉलरची स्वीट रुपयांत मोजली की हौशी माणसाच्या पोटात गोळा येतो. शिवाय मोठी आवृत्ती बदलली की अद्ययावत करण्यासाठी पुन्हा पैसे द्यावे लागतात. एफएल स्टुडिओ एकदा घेतला की पुढच्या आवृत्त्या आयुष्यभर फुकट मिळतात, त्याचा स्वरांचा पट अधिक सुटसुटीत आहे, आणि ज्यांना थेट गाण्याचे रिमिक्स करायचे आहेत अशा तरुण मंडळींना मी तोच आधी पाहायला सांगेन. ज्यांना वादकांचे सलग ध्वनिमुद्रण करायचे आहे त्यांना रीपर फार कमी पैशांत पुरेल. तुकड्यातुकड्याने विचार करणाऱ्या, वाजवत वाजवत रचणाऱ्या, आणि स्वर-तालाच्या चौकटीबाहेर डोकावू पाहणाऱ्या माणसाला मात्र लाइव्हइतके सोयीचे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही. मी स्टँडर्ड वापरतो आणि पाचपैकी चार तारे देतो. एक तारा रोअरसाठी आणि अद्ययावत करण्याच्या खर्चासाठी कापलेला आहे.

विकत घेण्यापूर्वी ३० दिवसांची विनामूल्य चाचणी मिळते. तीत स्वीटचे सगळे काही उघडे असते आणि काम जतनही करता येते. ती सुरू करण्याआधी आठ-दहा आवाज आणि एक अर्धी-मुर्धी चाल हाताशी तयार ठेवावी, म्हणजे महिना ब्राउझर चाळण्यात जाणार नाही. आणि ती गणपतीत सुरू करू नये. आमच्या सोसायटीच्या मांडवाखाली मी तो प्रयोग केला होता. दहा दिवस माझ्या प्रत्येक मिश्रणात बेस कमी वाटत राहिला आणि अकराव्या दिवशी ऐकले तेव्हा टेबलावरची पाण्याची बाटली थरथरत होती.